कथेचे स्थळ, चित्राचा क्रम : अजिंठ्याची भिंत, ‘स्थानपोथी’ आणि ‘बनगरवाडी’

मराठी समीक्षेत ‘चित्र’ हा शब्द जितक्या सैलपणे वापरला गेला आहे तितका दुसरा कलावाचक शब्द क्वचितच वापरला गेला असेल. शब्दचित्र, व्यक्तिचित्र, स्वभावचित्रण, समाजचित्रण, चित्रमय शैली ही सारी पदे कथात्म साहित्याविषयी लिहिताना हाताशी तयारच असतात. चित्र आणि कथा यांचे नाते दृश्यप्रत्ययाचे आहे, असे या पदांच्या मुळाशी गृहीत धरलेले असते. लेखकाने रंगरूपाचे बारकावे टिपले की त्याचे लेखन चित्रासारखे झाले. चित्रकाराने एखादा परिचित प्रसंग रंगवला की त्याचे चित्र कथेसारखे झाले. या समजुतीत चित्रकलेचा फक्त पृष्ठभाग विचारात घेतला जातो. चित्रात काय दिसते एवढेच पाहिले जाते. दिसणाऱ्या गोष्टी एकमेकींच्या शेजारी कोणत्या न्यायाने ठेवल्या आहेत, हा प्रश्न विचारलाच जात नाही. चित्र आणि लिखित कथा यांचा खोलवरचा संबंध मात्र याच प्रश्नाच्या रोखाने शोधावा लागतो. तो वर्णनाचा संबंध नसून मांडणीचा संबंध आहे.

हा प्रश्न मागे पडण्याचे एक कारण लेसिंगच्या विचाराचा प्रभाव हे असावे. 1766 साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाओकोऑन’मध्ये लेसिंगने चित्र-शिल्प आणि काव्य यांच्यात जी सीमारेषा आखली ती सर्वपरिचित आहे. चित्राची चिन्हे अवकाशात शेजारी-शेजारी असतात, म्हणून सहअस्तित्वात असलेल्या वस्तू हा चित्राचा विषय. भाषेची चिन्हे काळात एकामागून एक येतात, म्हणून क्रमाने घडणारी कृती हा काव्याचा विषय. चित्रकाराला कथा सांगायचीच असेल तर त्याने कृतीतला एकच क्षण निवडावा. पण तो क्षण असा असावा की त्यातून आधीचे आणि नंतरचे दोन्ही सूचित व्हावे. होमरने अकिलीसच्या ढालीचे वर्णन न करता ती घडवली जात असताना दाखवली, याचे लेसिंगला जे कौतुक वाटते ते याच भूमिकेतून. या विचाराने वर्णनाच्या आहारी गेलेल्या काव्याला शिस्त लावली, हे त्याचे ऐतिहासिक कार्य निःसंशय मोठे आहे. परंतु त्यातून एक अनुमान हळूच पुढे सरकले: काळ ही कथेची मूळ भूमी आहे, आणि चित्र तिथे पाहुणा आहे. चित्राने कथा सांगणे म्हणजे परक्या मुलखात एका क्षणापुरते उभे राहणे.

मराठीत मर्ढेकरांनी वेगळी दिशा दाखवली होती. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांचा विचार त्यांनी सर्व कलांना व्यापणारा म्हणून मांडला. माध्यमे भिन्न असली तरी संघटनेची तत्त्वे एकच असू शकतात, ही त्यामागची धारणा. या धारणेवर पुढे पुष्कळ वाद झाला, रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’त (1974) तिची कठोर चिकित्साही झाली, पण वाद प्रामुख्याने सौंदर्यवाचक विधानांच्या स्वरूपाभोवती आणि कलेच्या स्वायत्ततेभोवती फिरत राहिला. कथात्म साहित्याची संघटना आणि कथात्म चित्राची संघटना एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याचे काम तसेच राहून गेले. ते करायचे तर हाताशी असलेले उदाहरण परदेशी संग्रहालयात शोधावे लागत नाही.

प्रारंभ भारहूतपासून करणे सोयीचे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकांतील या स्तूपाच्या कठड्यावर, ज्याचे अवशेष आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत, जातककथांची वर्तुळाकार शिल्पे आहेत आणि त्यांपैकी अनेकांवर कथेचे नाव कोरलेले आहे. ‘मिगजातक’ असे नाव असलेल्या एका वर्तुळात मृगाची कथा आहे. तळाशी नदी, तिच्यात बुडणाऱ्या माणसाला पाठीवर घेऊन येणारा मृग; वर धनुष्य रोखलेला राजा आणि त्याला मृगाची जागा दाखवणारा तोच कृतघ्न माणूस; मध्यभागी बसलेल्या मृगासमोर हात जोडून उभा असलेला राजा. लेसिंगचा ‘निवडलेला क्षण’ इथे नाही. कथेतील अंतराअंतराने घडणारे तीन प्रसंग एकाच चौकटीत, किंबहुना एकाच भूप्रदेशात आहेत. बाण रोखलेला राजा आणि हात जोडलेला राजा हे दोन क्षण आहेत, पण मधला मृग दोहोंना सामाईक आहे. ज्याच्यावर नेम धरला आहे तोच उपदेश करतो आहे. काळाचे दोन तुकडे एका आकृतीत मिटवून शिल्पकाराने जे साधले ते केवळ जागेची काटकसर म्हणून समजावून घेता येणार नाही. हत्या आणि शरणागती यांच्यामध्ये भाषेला जो ‘नंतर’ घालावा लागतो तो इथे गळून पडतो, आणि दोन्ही शक्यता त्या एका शांत प्राण्याभोवती एकाच वेळी उभ्या राहतात.

अजिंठ्यात हीच प्रवृत्ती भिंतभर पसरते. दहाव्या लेण्यातील षड्दंत जातकाचे चित्र इसवी सनापूर्वीच्या कालखंडातले. आज त्याची अवस्था शोचनीय आहे आणि त्याच्या तपशिलासाठी जुन्या प्रतिकृतींचा आधार घ्यावा लागतो. कथा अशी: हिमालयातील सहा दातांच्या गजराजाच्या दोन राण्यांपैकी एक मत्सराने झुरून मरते, काशीच्या राजाची राणी होऊन जन्म घेते, पूर्वजन्मीच्या वैराने एका व्याधाला गजराजाचे दात आणायला पाठवते, व्याधाच्या हातून दात कापले जात नाहीत तेव्हा गजराज स्वतःच त्याला मदत करतो, दात समोर आल्यावर राणी कोसळते. कथेचा काळ अरण्यातून राजवाड्यात, राजवाड्यातून अरण्यात आणि पुन्हा राजवाड्यात असा हेलपाटे घालतो. भिंतीवर मात्र हे हेलपाटे दिसत नाहीत. अरण्यात जे जे घडले ते अरण्याच्या सलग विस्तारात आहे, राजवाड्यात जे जे घडले ते राजवाड्याच्या दालनांत आहे. ज्या तळ्याकाठी गजराज आपल्या कळपासह सुखाने विहरतो त्याच परिसरात, वर्षांच्या अंतराने, त्याचे दात कापले जातात. चित्रात हे अंतर पावलांचे आहे, वर्षांचे नाही. डिटर श्लिंगलॉफ यांनी अजिंठ्यातील कथाचित्रांची ओळख पटवताना, आणि विद्या डेहेजिया यांनी आरंभकालीन बौद्ध कलेतील दृश्यकथनाचे प्रकार वेगळे करताना, हे तत्त्व स्पष्ट केले आहे: प्रसंग कधी घडला यापेक्षा तो कुठे घडला यावर त्याची भिंतीवरील जागा ठरते. डेहेजिया यांचा 1990 सालचा निबंध आणि 1997 सालचा ग्रंथ यांनी या विषयाला परिभाषा दिली; मराठी साहित्यविचाराने तिची दखल घेतल्याचे मात्र फारसे दिसत नाही.

कथनमीमांसेच्या प्रचलित परिभाषेत याला काय म्हणावे? जेनेतने कथेतील घटनांचा क्रम आणि कथनातील क्रम यांच्यातील विसंगतीचे सूक्ष्म वर्गीकरण केले आहे. पश्चाद्दर्शन, पूर्वसूचन इत्यादी. पण हे वर्गीकरण काळाच्या रेषेवरच उभे आहे. क्रम मोडला असे म्हणताना मोडणारा क्रम काळाचाच असतो आणि मोडूनही तोच मापदंड राहतो. अजिंठ्याच्या भिंतीवर काळाचा क्रम मोडलेला नाही; तो मांडणीचा आधार म्हणून घेतलेलाच नाही. जोसेफ फ्रँकने 1945 साली आधुनिक कादंबरीतील ‘अवकाशात्म रूपा’ची चर्चा केली तेव्हा वाचकाने विखुरलेले संदर्भ एकसमयावच्छेदेकरून मनात धरावेत असे त्याला अभिप्रेत होते. तेथेही अवकाश हे रूपक आहे. अजिंठ्यात ते रूपक नाही: अरण्य हे अरण्यच आहे आणि प्रेक्षकाला त्यासमोरून चालायचे आहे.

हे चालणे महत्त्वाचे आहे. दहावे लेणे चैत्यगृह आहे; खांबांच्या ओळी आणि भिंत यांच्यामधून प्रदक्षिणामार्ग जातो. चित्र स्थिर आहे आणि पाहणारा हलतो. कथा कुठल्याही टोकाने भेटू शकते, आणि जो दुसऱ्यांदा प्रदक्षिणा घालतो त्याला ती वेगळ्या क्रमाने भेटते. याच्या उलट पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेचे उदाहरण घ्यावे. तिथे सुट्या कागदांवरील चित्रांची पोथी असते. कथेकरी एकेक चित्र उभे धरतो, त्यावरची कथा गाऊन सांगतो आणि पुढचे चित्र घेतो. प्रेक्षक बसलेला आहे आणि चित्र हलते आहे. परिणामी काळाचा क्रम पुन्हा सत्तेवर येतो. रामायणातला पुढचा प्रसंग पुढच्याच कागदावर असतो. तेव्हा चित्रातून कथा सांगितली की ती आपोआप स्थळानुसारी होते, असा नियम बांधता येणार नाही. कोण हलते यावर पुष्कळ अवलंबून आहे. (अर्वाचीन काळातले छापील पुस्तक या दृष्टीने चित्रकथीच्या पोथीचे सख्खे भावंड आहे, पान हलते, वाचक बसलेला असतो.)

अजिंठ्याच्या भिंतीचे हे सामर्थ्य आधुनिक काळात लवकर लक्षात आले नाही, याची कारणे बऱ्याच अंशी प्रतिकृतींच्या इतिहासात आहेत. 1819 साली लेणी इंग्रजांच्या नजरेस आल्यानंतर रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे केलेल्या नकलांपैकी बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांसह 1872 ते 1885 या काळात नव्याने नकला केल्या, त्यांतल्याही अनेक आगीत नष्ट झाल्या. उरलेल्या सामग्रीवर आधारलेले त्याचे दोन खंड 1896–97मध्ये निघाले. या श्रमांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण नक्कल करायची तर कापडाच्या मापाचा तुकडा निवडावा लागतो, आणि निवडलेल्या तुकड्याला चौकट येते. भिंतीवर जे अखंड होते त्याची सुटी ‘चित्रे’ झाली. सोळाव्या लेण्यातील ‘मरणोन्मुख राजकन्या’ हे त्याचे ठळक उदाहरण. या नावाने ती आकृती जगभर गाजली, तिच्यातील करुणेची तुलना इटलीच्या चित्रकारांशी झाली. पण ती राजकन्या मरत नाही. ती नंदाची पत्नी सुंदरी. पती भिक्षू झाल्याची खूण म्हणून त्याचा मुकुट घेऊन सेवक समोर उभा आहे, आणि तो पाहून ती मूर्च्छित झाली आहे. मुकुट चौकटीबाहेर राहिला की कथा नाहीशी होते आणि भाव तेवढा उरतो. लेसिंगला अभिप्रेत असलेला ‘निवडलेला क्षण’ चित्रकाराने निवडलेला नव्हता, तो नक्कलकाराने निवडला. मराठी समीक्षेतील ‘शब्दचित्र’ या पदाच्या मनात जे चित्र आहे तेही असेच चौकटीतले, एका क्षणाचे, भावाने ओथंबलेले चित्र आहे. भिंत त्याच्या मनात नाही.

स्थळानुसारी मांडणीच्या या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि त्याला टाळून जाणे बरोबर होणार नाही. रॉबर्ट ब्राऊन यांनी 1997 साली असे प्रतिपादन केले की, बौद्ध वास्तूंवरील जातककथा मुळात कथा ‘सांगण्या’साठी कोरल्या-रंगवल्या गेल्याच नसाव्यात, मूर्तीप्रमाणेच त्या बुद्धाच्या सान्निध्याचा प्रत्यय देण्यासाठी आहेत. असे असेल तर त्यांच्यात कथनाचा क्रम शोधणे हाच दृष्टिदोष ठरेल. या आक्षेपात तथ्य आहे. लेण्यांतला अंधार, कित्येक प्रसंगांची सहज न दिसणारी जागा, आणि दुसऱ्या लेण्यात आर्यशूराच्या ‘जातकमाले’तील संस्कृत श्लोक क्षांतिवादी जातकाच्या चित्रासोबत भिंतीवरच लिहिलेले असणे, या सर्वांमुळे ‘निरक्षरांसाठी रंगवलेली पोथी’ ही लोकप्रिय उपपत्ती टिकत नाही. जिथे श्लोक वाचू शकणारा भिक्षू समोर आहे तिथे चित्र अक्षरांची उणीव भरून काढण्यासाठी आलेले नाही. ज्याला कथा आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी ती भिंतीवर आहे.

मात्र यातून कथन आणि सान्निध्य यांपैकी एकच खरे, असा निष्कर्ष निघत नाही. उलट, कथा स्थळानुसार मांडली की तिचे प्रयोजन बदलते असे म्हणणे अधिक सयुक्तिक आहे. पुढे काय झाले ही उत्सुकता मावळते आणि इथे काय झाले ही जाणीव उरते. काळानुसारी कथन श्रोत्याला शेवटाकडे नेते. स्थळानुसारी कथन त्याला त्या जागी उभे करते. सान्निध्य हे कथनाच्या विरुद्ध टोक नसून कथनाच्याच एका विशिष्ट घडणीचे फळ आहे. हे विधान केवळ भिंतीच्या आधारे सिद्ध करता येणार नाही, कारण भिंतीला स्थळाची मांडणी माध्यमानेच दिलेली आहे. खरी कसोटी भाषेत आहे. जिथे शब्दांना एकामागून एक यावेच लागते तिथेही कोणी कथा स्थळानुसार मांडली आहे काय?

मराठीच्या अगदी आरंभकाळात याचे असंदिग्ध उत्तर आहे, आणि तेही असे की जणू प्रयोगासाठीच सिद्ध केले असावे. म्हाइंभटाने इ. स. 1278च्या सुमारास सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ चक्रधरस्वामींचे चरित्र कालक्रमाने सांगते: एकांकात एकाकी भ्रमंतीचा काळ, पूर्वार्ध-उत्तरार्धात शिष्यपरिवाराचा. यात गावांची नावे पदोपदी येतात, पण ती कालक्रमाच्या सूत्रात ओवलेली असतात; स्वामी पैठणला अनेकदा आले तर पैठण चरित्रात अनेकदा येते. याच लीळांचा दुसरा ग्रंथ म्हणजे मुनिव्यास कोठींच्या नावावर असलेली ‘स्थानपोथी’. तिच्यात सूत्र उलटे आहे. एकेक गाव घ्यायचे. त्या गावातले देऊळ, मठ, मढी सांगायची. दार कोणत्या दिशेला, त्याच्या उजवीकडे काय, डावीकडे काय, हे सांगायचे. आणि मग तिथे स्वामींचे आसन कुठे झाले, आरोगणा कुठे झाली, पहुड कुठे झाला, कोणती लीळा घडली, ते जागेनिशी नोंदवायचे. वेगवेगळ्या वर्षी घडलेल्या लीळा एका देवळाच्या चौकात शेजारी-शेजारी येतात. पैठण एकदाच येते, पण सगळे पैठण येते. दहाव्या लेण्यातील तळ्याकाठी गजराजाचा विहार आणि त्याचा छेद जसे पावलांच्या अंतरावर आहेत, तसेच हे.

या दोहोंमध्ये ऐतिहासिक संबंध आहे असे येथे सुचवायचे नाही. तशा संबंधाला आधार नाही आणि त्याची गरजही नाही. मुद्दा असा की ‘स्थानपोथी’च्या कर्त्यासमोर भिंत नव्हती. भाषेने त्याच्यावर ही मांडणी लादली नव्हती; किंबहुना भाषेच्या स्वाभाविक ओघाविरुद्ध जाऊन त्याने ती केली. का केली, तेही स्पष्ट आहे. महानुभाव साधकाला नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण करायचे असते आणि स्वामींच्या चरणस्पर्शाने पावन झालेल्या जागांना नमन करायचे असते. त्या जागी ओटे बांधले गेले, आणि ओट्यासमोर उभा राहिलेल्या साधकाला स्वामी तिथे ‘केव्हा’ बसले यापेक्षा ते ‘तिथे’ बसले याचे मोल आहे. हाही चालणारा वाचक आहे. चैत्यगृहातील प्रदक्षिणेची जागा इथे गोदातीरापासून वऱ्हाडापर्यंतच्या वाटेने घेतली आहे. अॅन फेल्डहाउस यांनी ‘कनेक्टेड प्लेसेस’ (2003) या ग्रंथात महाराष्ट्रातील तीर्थयात्रा आणि प्रदेशाची जाणीव यांचा जो संबंध उलगडला आहे, त्यात महानुभावांच्या या स्थळनिष्ठेचा विचार येतो. त्यांचे लक्ष प्रदेशाच्या घडणीवर आहे. साहित्यविचाराने लक्ष द्यावे असा भाग कथनाच्या घडणीचा आहे.

तो भाग दुर्लक्षित राहिला याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ‘लीळाचरित्र’ हा वाङ्मयेतिहासात पहिला गद्य चरित्रग्रंथ म्हणून मानाने बसतो, आणि ‘स्थानपोथी’ संदर्भसाधन म्हणून वापरली जाते: गावांची ओळख पटवण्यासाठी, यादवकालीन देवळांचा ठाव घेण्यासाठी, शब्दांच्या अर्थासाठी. वि. भि. कोलते यांच्या संपादनाने तिचा पाठ अभ्यासकांच्या हाती आला, पण तिला कथनग्रंथ म्हणून वाचण्याचा प्रयत्न झाला नाही. कथा म्हटली की काळ, आणि काळ नसला की यादी: हा लेसिंगच्या सीमारेषेचाच नकळत स्वीकार आहे. वास्तविक ‘स्थानपोथी’तील रुक्ष वाटणाऱ्या वाक्यांत एक विलक्षण ताण आहे. ज्या माणसाचे सारे आयुष्य एका ठिकाणी न राहण्यात गेले, त्याच्या प्रत्येक विसाव्याची जागा हाताच्या मापाने, दाराच्या दिशेने निश्चित करण्याची ही धडपड आहे. वर्णन जवळपास नाही. रंग नाही, उपमा नाही, ज्याला ‘चित्रमय’ म्हणता येईल असे काहीच नाही. तरीही मराठीतील दुसरा कोणताही ग्रंथ रचनेने भित्तिचित्राच्या इतका जवळ नाही. चित्रमयता आणि चित्रधर्म या किती वेगळ्या गोष्टी आहेत याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

अजिंठा आणि ‘स्थानपोथी’ या दोहोंत प्रेक्षकाला वा वाचकाला कथा आधीच ठाऊक आहे. अर्वाचीन कादंबरीत ही सवलत नसते; वाचक कोरा येतो. म्हणून स्थळानुसारी मांडणीची सर्वांत अवघड परीक्षा तिथे होते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) या परीक्षेला बसवून पाहण्याजोगी आहे. माडगूळकर स्वतः रेखाटने करीत, चित्रकार होण्याची आकांक्षा त्यांनी बाळगली होती, हे सर्वश्रुत आहे आणि त्यांच्या शैलीतील नेमकेपणाचे श्रेय नेहमी त्याला दिले जाते. पण इथेही चर्चा रेषेच्या काटकसरीपाशी थांबते. याहून लक्षणीय योगायोग वेगळाच आहे. माडगूळकरांचे माडगूळ आणि कादंबरीतली वाडी ही औंध संस्थानाच्या मुलखातली. तालमीच्या निमित्ताने वाडीत येणारे राजेसाहेब त्या संस्थानचे. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनकार, 1916 साली ‘चित्ररामायण’ आणि 1932 साली अजिंठ्यावरचे पुस्तक प्रसिद्ध करणारे, 1938 साली औंधला चित्रसंग्रहालय उभे करणारे. कथा आणि चित्र यांच्या संबंधाचा इतका ध्यास घेतलेला दुसरा संस्थानिक महाराष्ट्रात दाखवता येणार नाही. या योगायोगावर फार भार टाकू नये. प्रभावाचा धागा यातून निघत नाही. पण ‘बनगरवाडी’ची मांडणी पाहताना तो आठवत राहतो एवढे खरे.

‘बनगरवाडी’त कथानक नाही, ती व्यक्तिचित्रांची माळ आहे, असे तिच्याविषयी अनेकदा म्हटले गेले, कधी दोष म्हणून, कधी ‘प्रादेशिक’ या वर्गात टाकून क्षमा करावी तसे. तरुण मास्तर शाळा चालवण्यासाठी वाडीत येतो, धनगरांचा विश्वास मिळवतो, गावाकरवी तालीम बांधून घेतो. दुष्काळ पडतो आणि माणसे निघून जातात. काळाचा एवढा धागा आहे आणि तो दोन्ही टोकांना घट्ट आहे. मधला विस्तार मात्र या धाग्याला लटकलेला नाही. कारभारी, अंजी, शेकू आणि त्याची बायको, रामोशी यांच्या हकिकती एकमेकींना कार्यकारणभावाने पुढे ढकलत नाहीत. शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतः जुवाला खांदा देते, हा प्रसंग कादंबरीत चार पाने अलीकडे किंवा पलीकडे गेला असता तर कथानकाला बाध आला नसता. पण तो वाडीच्या त्या रानाबाहेर नेता आला नसता. घटना वाडीत ‘घडतात’ असे म्हणण्यापेक्षा वाडीच्या जागांवर त्या ‘असतात’ असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. आणि निवेदक कोण, तर बाहेरून चालत आलेला, वाडीत फिरत राहणारा मास्तर. प्रदक्षिणा घालणारा तो आहे. वाचक त्याच्या मागे आहे. कथा ठाऊक नसलेल्या वाचकासाठी स्थळानुसारी मांडणी पेलायची तर तिच्या आत एक चालणारा माणूस ठेवावा लागतो, ही माडगूळकरांनी शोधलेली युक्ती आहे. कादंबरी प्रथमपुरुषी असण्याचे कारण आत्मनिवेदनाची ओढ हे नसून हे आहे.

या मांडणीची किंमतही कादंबरीला मोजावी लागली आहे. मास्तराच्या मनात जे बदलते ते काळाशिवाय दाखवता येत नाही, आणि म्हणून तो बदल अंधुक राहतो. ‘बनगरवाडी’तला मास्तर शेवटीही जवळजवळ तोच आहे. अंजीविषयीचे त्याचे ओढलेपण उमटते आणि विरते, कारण त्याला वाढायला काळ हवा होता आणि इथे फक्त जागा आहे. स्वभावाचा विकास हा कादंबरीचा एकमेव निकष मानणाऱ्या समीक्षेला हे उणे वाटणे समजण्यासारखे आहे. पण हे उणेपण निष्काळजीपणाचे नाही. ते निवडीचे आहे, आणि निवड ओळखल्याशिवाय मूल्यमापन करता येत नाही.

ती निवड शेवटाकडे सर्वांत स्पष्ट होते. काळाने बांधलेली कादंबरी पात्रांचे काय झाले ते सांगून संपते. इथे पाऊस येत नाही, मेंढरे मरतात, कारभारी जातो, एकेक कुटुंब बिऱ्हाड उचलून जगायला बाहेर पडते. ती कुठे गेली, जगली की नाही, याचा पाठपुरावा कादंबरी करीत नाही. झोपड्या तिथेच असतात, शाळा असते, एवढ्या कष्टाने उभी केलेली तालीम असते. जागा माणसांवाचून उरते, आणि तिच्यासमोरून चालणाऱ्या एकट्या मास्तरालाही जेव्हा निघावे लागते तेव्हा कादंबरी थांबते.